क्विल्ट प्रदर्शन कसे पाहावे आणि त्यातून स्वतःच्या कामाला दिशा कशी मिळवावी

अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ‘इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल’ भरतो. क्विल्ट म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून केलेले, आपल्या गोधडीसारखे पांघरूण. कॅरी ब्रेसनहॅन यांनी 1974 साली आपल्या क्विल्टच्या दुकानातील ग्राहकांसाठी एक लहानसे प्रदर्शन भरवले होते. त्यातूनच हा महोत्सव वाढला आणि आज जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरच्या विस्तीर्ण दालनांत देशोदेशींच्या शेकडो क्विल्ट्स टांगलेल्या पाहायला मिळतात. टेक्सासमध्ये मराठी कुटुंबांची वस्ती चांगली आहे आणि या दिवसांत अनेकांचे आईवडील, सासूसासरे भारतातून तिथे गेलेले असतात. ज्यांच्या घरात गोधडी शिवली गेली आहे, ज्यांना धावदोरा आणि अस्तर हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, त्यांना या प्रदर्शनातून इतर प्रेक्षकांपेक्षा जास्त मिळू शकते. मात्र ते कसे पाहायचे याचा थोडा विचार आधी करायला हवा. पुढील सूचना ह्यूस्टन डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या असल्या, तरी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ऑगस्टच्या सुमारास भरणाऱ्या ‘फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स’ला किंवा आपल्या गावातील गोधड्यांच्या छोट्या प्रदर्शनालाही त्या लागू पडतील.

प्रदर्शनाहून परतणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये शेकडो छायाचित्रे असतात आणि महिन्याभरानंतर त्यांतले एकही उघडून पाहिले जात नाही. याला आळस म्हणणे बरोबर होणार नाही. सुंदर वस्तू पाहून मनात कौतुक उरते आणि केवळ कौतुकाच्या बळावर कापडाला कात्री लावता येत नाही. एखादा निर्णय समजला, की मात्र काम सुरू होते. शिवणाऱ्याने याच ठिकाणी फिकट कापड का लावले, टाके तिरपे का नेले, कडेला एवढी मोकळी पट्टी का सोडली, हे ज्याला उलगडते, त्याला स्वतःच्या कापडाचे काय करून पाहावे हेही सुचू लागते. म्हणून माझा आग्रह असा, की दिवसभरात थोड्याच क्विल्ट्स नीट पाहाव्यात आणि त्या शिवणाऱ्याच्या नजरेने पाहाव्यात.

जाण्यापूर्वी

प्रदर्शन सर्वसाधारणपणे गुरुवार ते रविवार असते आणि शनिवारी गर्दी सर्वांत जास्त असते. शक्य असल्यास गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी दालन उघडताच आत जावे. शिकवणीच्या वर्गांची नोंदणी आणि शुल्क वेगळे असते आणि नावाजलेल्या शिक्षकांचे वर्ग कित्येक आठवडे आधी भरतात. तेव्हा वर्ग करायचा असल्यास तिथल्या उन्हाळ्यापासूनच लक्ष ठेवावे. चाकांच्या बॅगा, तिपाई, मुलांच्या ढकलगाड्या यांविषयीचे नियम त्या त्या वर्षी आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. आतली जमीन सिमेंटची आणि वातानुकूलन कडक असते. जुने, पायाला सवयीचे बूट आणि एक शाल एवढ्याने दिवस सुखाचा जातो. समोरच ‘डिस्कव्हरी ग्रीन’ हे उद्यान आहे. दुपारी तासभर तिथे बसून डोळ्यांना विश्रांती द्यावी, कारण सतत रंग पाहून थकलेल्या नजरेला तिसऱ्या तासानंतर सगळेच सारखे दिसू लागते.

या तयारीपेक्षा महत्त्वाची आहे ती मनाची तयारी. सोबत एकच प्रश्न न्यावा आणि तो आपल्या घरातल्या कापडातून आलेला असावा. समजा, तुमच्याकडे आजीच्या सुती नऊवारींचे काठ जपून ठेवलेले आहेत आणि प्रत्येक काठ इतका ठसठशीत आहे, की दोन शेजारी ठेवले तर नजर कुठे स्थिरावत नाही. मग प्रश्न असा होईल: भडक कापडांना शांत कसे करतात? किंवा तुमचा धावदोरा सुबक आहे, पण तो नेहमी एकाच दिशेने जातो. अशा वेळी टाक्यांच्या दिशेने पृष्ठभाग कसा बदलतो, हे शोधायला जावे. हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहावा आणि त्याच कापडाची वीतभर पट्टी वहीत टाचून न्यावी. दालनात एखादी रंगसंगती मोहवू लागली, की ती पट्टी हातात धरून आपल्या कापडाला ती मानवेल का, हे जागीच पाहता येते.

पहिली फेरी लांबून

आत गेल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कुठेही न थांबता फिरावे. क्विल्टपासून वीस-पंचवीस फुटांवर उभे राहून डोळे किंचित मिटले, की फुले, पाने, बारीक नक्षी नाहीशी होते आणि केवळ गडद-फिकटाची रचना उरते. लांबून खेचून घेणाऱ्या क्विल्टचा जोर बहुतेक वेळा याच रचनेत असतो. रंगांचे श्रेय आपण उगीच जास्त देतो. फोनवर कृष्णधवल छायाचित्र घेतले तरी हेच दिसते आणि दालनात फोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

क्विल्ट उभी टांगून लांबून पाहण्याच्या या पद्धतीला एका प्रदर्शनाने मोठे बळ दिले. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन क्विल्ट्स 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांप्रमाणे भिंतीवर लावल्या गेल्या. अंथरुणावर पसरलेल्या असताना पांघरूण म्हणून पाहिलेल्या त्याच वस्तूंतील भौमितिक रचना तेव्हा चित्रकारांच्याही डोळ्यांत भरली. आपल्या गोधडीवर हा प्रयोग अवश्य करावा. घरातली जुनी गोधडी दोरीवर वाळत घातलेली असताना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावी. घडीत कधीच न दिसलेली मांडणी तिच्यात दिसते.

गडद-फिकटाचा खेळ समजून घेण्यासाठी ‘लॉग कॅबिन’ या पारंपरिक चौकोनाइतके चांगले उदाहरण नाही आणि तो कुठल्याही मोठ्या प्रदर्शनात सहसा सापडतोच. मध्ये एक लहान चौकोन, बरेचदा लाल, आणि त्याच्या चारही बाजूंनी एकेक पट्टी जोडत जायचे. दोन लगतच्या बाजूंना फिकट पट्ट्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. म्हणजे प्रत्येक चौकोन कर्णावर अर्धा उजेडात, अर्धा सावलीत असतो. असे चौकोन एकमेकांशेजारी ठेवताना केवळ फिरवले, की कधी एकात एक बसलेले मोठे शंकरपाळे तयार होतात, कधी शेतातल्या तासांसारख्या तिरप्या रांगा, तर कधी उजेड आणि सावली यांचे आलटून पालटून येणारे चौकोन. कापड तेच, शिवणही तीच आणि तरी क्विल्ट सर्वस्वी निराळी होते. अशी एखादी क्विल्ट दिसली, की मधले लाल चौकोन शोधावेत आणि एक चौकोन कुठे संपतो व दुसरा कुठे सुरू होतो हे नजरेने वेगळे करावे. हे एकदा जमले, की बाकीच्या जोडकामाचीही गुपिते उलगडू लागतात.

या फेरीत ज्या पाच-सहा क्विल्ट्स मनात राहतील त्यांचे क्रमांक तेवढे टिपावेत. त्यांत बक्षीसपात्र ठरलेली असायलाच हवी, असे मुळीच नाही.

एका क्विल्टसमोर पाव तास

आता निवडलेल्या क्विल्टपाशी परत जावे आणि तिच्यासमोर निदान पाव तास थांबावे. सुरुवातीच्या दोन मिनिटांत सगळे पाहून झाले असे वाटते. खरे पाहणे त्यानंतर सुरू होते. हात मात्र पाठीमागे असावेत. बोटांवरचे तेल आणि घाम कापडात उतरतो, आणि शेकडो लोकांनी एकेकदा लावलेला हात एखाद्या क्विल्टला कायमचा डाग देऊ शकतो.

प्रथम जोडकाम आणि टाके यांना मनात वेगळे करावे. क्विल्टचे तीन थर असतात: वरचा, मधला भराव आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर बांधून ठेवणारे टाके वरच्या थराच्या नक्षीला धरून चालतात, की तिच्याकडे दुर्लक्ष करून स्वतःची वेगळी नक्षी काढतात, हे पाहावे. चौकोनी, कडक जोडकामावर गोल फिरणारे टाके घातलेले दिसले, तर शिवणाऱ्याने मुद्दाम कडकपणा मोडला आहे. टाके दाट असतात तिथे कापड चेपते आणि विरळ असतात तिथे फुगते. उजेड तिरपा पडला, की या उंचसखलपणामुळे एकाच रंगाच्या कापडावरही छाया उमटतात. हातशिलाईत इंचाला आठ ते दहा टाके म्हणजे बारीक काम मानतात. गोधडीचा टाका त्याहून लांब असतो, पण म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. लांब टाक्याचा दोरा स्वतःच नक्षी होतो आणि आज अनेक आधुनिक क्विल्टकार जाड दोऱ्याचे मोठे टाके हौसेने वापरतात.

नंतर कडेकडे यावे. गोट सगळीकडे सारखा भरलेला आहे का, कोपरे काटकोनात आहेत का, टांगल्यावर क्विल्ट सपाट राहते की खालच्या बाजूला लाटा येतात, हे परीक्षकही पाहतात. शिकणाऱ्याने हे दोष शोधण्यासाठी पाहू नये. निर्दोष कडा कशी दिसते, ते डोळ्यांत साठवण्यासाठी पाहावे.

मग स्वतःला विचारावे, की या व्यक्तीने स्वतःवर कोणते बंधन घालून घेतले होते? माझ्या मते क्विल्टसमोर विचारायचा हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्च 2011 मध्ये एका संग्राहिकेच्या 651 क्विल्ट्स एकत्र मांडल्या होत्या आणि त्या सगळ्या केवळ लाल आणि पांढऱ्या होत्या. दोनच रंग असूनही त्या परस्परांहून वेगळ्या होत्या, कारण रंगाची निवड संपल्यावर सगळी बुद्धी आकार, प्रमाण आणि मोकळी जागा यांकडे वळली होती. एकोणिसाव्या शतकात ‘टर्की रेड’ हा धुतल्यावर न उतरणारा पक्का लाल रंग मिळू लागला, म्हणून अमेरिकेतल्या घराघरांत हीच जोडी रुजली. इथे बंधन परिस्थितीने घातले होते.

अलाबामा राज्यातील ‘जीज बेंड’ या नदीच्या वळणावरील वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्ट्समध्ये हेच आणखी ठळकपणे दिसते. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्यांची कीर्ती देशभर पसरली. शेतात घालून विरलेल्या डेनिमच्या विजारी हे त्यांचे एक कापड. त्यांतल्या एखाद्या तुकड्याकडे जवळून पाहिले, तर उन्हापाण्याने निळा रंग राखाडी झालेला असतो आणि त्याच्या मधोमध एक गडद निळा आयत उठून दिसतो. तिथे खिसा होता, तो उसवून काढला आणि त्याच्याखाली झाकलेले कापड तेवढे कोरे राहिले. शिवणारीने तो आयत लपवला नाही, नक्षीतच घेतला. 1972 साली तिथल्या सहकारी गटाला सीअर्स कंपनीकडून कॉर्डुरॉयच्या उश्यांच्या अभ्र्यांचे काम मिळाले आणि उरलेल्या कॉर्डुरॉयने त्या वस्तीच्या क्विल्ट्सचा रंगच पालटला. आपल्याकडे धोतर, लुगडे, सदरे यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या गोधडीचा विचारही याच वाटेने जातो. म्हणून अशा क्विल्टसमोर उभे राहताना आपल्याकडचे ‘जुनेर’ कापड कमी प्रतीचे आहे, हा समज मनातून काढून टाकावा.

मागची बाजू

क्विल्टची मागची बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोठ्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका दालनात असतात आणि विनंती केली, तर त्या क्विल्टचा कोपरा उलटून दाखवतात. बहुतेक प्रेक्षक हे विचारतच नाहीत. कोपरा उलटताच जोडकामाचा सारा गोंधळ नाहीसा होतो आणि साध्या अस्तरावर फक्त टाक्यांचे रेखाटन दिसते. कुठे दोऱ्याचा रंग बदलला, यंत्राने काम करताना वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण सारखा राहिला का, सुरुवातीची आणि शेवटची टोके थरांमध्ये कशी दडवली, हे तिथे स्पष्ट वाचता येते. खालच्या कोपऱ्यात शिवणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहिलेली कापडी चिठ्ठी असते. आपल्या गोधड्यांवर अशी चिठ्ठी क्वचितच दिसते आणि त्यामुळे कितीतरी जणींची नावे त्यांच्या कामापासून तुटली, याची मला मनापासून खंत आहे.

टाक्यांच्या वाटेकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकन परंपरेत तीन थर सुरकुती न पडता राहावेत म्हणून टाके सहसा मध्यापासून कडेकडे नेतात. आपल्या अनेक गोधड्यांत धावदोरा कडेकडेने फिरत मध्याकडे येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रियांच्या कवंदीतही, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, शिवण कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेने आत आत सरकते आणि तुकडेही सोबतच घडी घालून जोडले जातात. दोन्ही रीतींत कापड वेगळे आकसते आणि पृष्ठभागाचा पोत वेगळा होतो. प्रदर्शनातील स्वयंसेविकेला किंवा शेजारच्या प्रेक्षकाला हे सांगितले, तर गप्पा हमखास रंगतात, आणि दहा मिनिटांच्या अशा गप्पांतून जे कळते ते माहितीफलकावर लिहिलेले नसते.

वही आणि कॅमेरा

छायाचित्र घेण्याआधी पेन्सिलीने रेखाटावे. चित्रकला येत नसेल तरी बिघडत नाही. चौकोन, पट्ट्या आणि टाक्यांची दिशा दाखवणारे बाण एवढे पुरते. रेखाटताना पट्टी मधल्या चौकोनाच्या निम्मी आहे की तिप्पट, हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय हातातून गेल्यामुळे लक्षात राहतो. रेखाटनाखाली एकच वाक्य लिहावे आणि त्यात ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असे शब्द टाळावेत. ‘चार भडक कापडांच्या मध्ये राखाडी पट्टी घातली, म्हणून भडकपणा सहन होतो’ हे वाक्य वर्षभरानंतरही कामाला येते.

छायाचित्राची परवानगी आहे का हे प्रत्येक क्विल्टशेजारी पाहावे; काही कलाकार ती देत नाहीत. घ्यायचेच असेल, तर आधी नावाच्या फलकाचे, मग पूर्ण क्विल्टचे आणि मग बारकाव्याचे घ्यावे, म्हणजे कोणाचे काम आहे हे नंतर शोधत बसावे लागत नाही.

खरेदी

विक्रीचे गाळे दुपारनंतरच पाहावेत आणि वहीतला प्रश्न पुन्हा वाचून मगच आत शिरावे. तिथे ‘फॅट क्वार्टर’ नावाचे सुमारे 18 बाय 22 इंचांचे तुकडे मिळतात. 44 इंच पन्ह्याच्या कापडाचा पाव वार अशा आकारात कापलेला असल्यामुळे तो अरुंद पट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कापडापेक्षा भारतात सहज न मिळणाऱ्या वस्तूंवर पैसे खर्च करावेत, असे माझे मत आहे: हातशिलाईच्या आखूड सुया, चांगले अंगुस्तान, पातळ सुती भराव, घट्ट पिळाचा दोरा. कापड आपल्याकडे आहे.

घरी आल्यावर

परतल्यावर आठ दिवसांच्या आत नमुना शिवायला घ्यावा. पाहिलेले त्यानंतर झपाट्याने पुसट होते. वहीतल्या नोंदींपैकी एकच निवडावी. लॉग कॅबिनची निवडली असे धरून मापे देत आहे. चौकोन तयार झाल्यावर 12 इंच हवा असेल, तर मधला चौकोन साडेतीन इंच आणि पट्ट्या दोन इंच रुंद कापाव्यात. सगळीकडे पाव इंच माया धरली, की मध्य तीन इंच आणि प्रत्येक पट्टी दीड इंच उरते आणि तीन फेऱ्यांत बरोबर 12 इंच भरतात. असे चार चौकोन करावेत. ते एकमेकांना लगेच जोडू नयेत. जमिनीवर मांडून प्रत्येक चौकोन फिरवत राहावे, प्रत्येक मांडणीचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने त्यांतली एक निवडावी.

नऊवारीचे काठ वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. काठ जड आणि साडीचे अंग विरळ असते, त्यामुळे दोन्ही एकत्र जोडले, की विरळ भाग गोळा होतो. त्याला मागून पातळ मलमलीचा आधार द्यावा आणि पट्ट्या शक्यतो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने कापाव्यात, कारण तिरपा काप ताणला जातो. दुसरे म्हणजे रंगाची परीक्षा. ओले पांढरे फडके कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड फिकट कापडाशेजारी लावू नये. भडक काठ शांत करायचे असतील, तर फिकट बाजूला जुन्या धोतराचे मळकट पांढरे कापड लावून पाहावे. कोऱ्या पांढऱ्यापेक्षा ते काठांना जास्त सामावून घेते.

याच मांडणीवर आधी कडेपासून आत आणि मग दुसऱ्या नमुन्यावर मध्यापासून बाहेर धावदोरा घातला, तर टाक्यांच्या दिशेने काय बदलते हे कोणी सांगण्याची गरज उरत नाही. दोन्ही नमुने धुऊन, वाळवून मगच त्यांची तुलना करावी. धुण्याआधीचा पोत फसवा असतो.

लॉग कॅबिनसारखे पारंपरिक चौकोन सर्वांचे आहेत, पण एखाद्या हयात कलाकाराच्या रचनेवरून काम केले, तर त्यांची परवानगी घ्यावी आणि मागच्या चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहावे. पुढे आपली क्विल्ट किंवा गोधडी एखाद्या प्रदर्शनाला पाठवायची असल्यास रचनेचा मूळ आधार अर्जातही नमूद करावा लागतो. तसेच मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडी नळी शिवून द्यावी लागते, कारण तिच्यातून दांडा घालून क्विल्ट टांगतात. ही नळी साधारण चार इंच रुंद मागतात. नेमके माप आणि क्विल्टच्या लांबी-रुंदीची मर्यादा गोट लावण्यापूर्वीच नियमावलीत पाहून घ्यावी.